फुहाऱ्यावर विचारा

दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मंडला, डिंडोरी, नरसिंहपूर, सिहोरा, पाटण या बाजूंचे दुकानदार जबलपूरला येतात, ते नुसता माल भरायला येत नाहीत. मालाच्या यादीखाली आणखी एक यादी असते. वजनकाट्याचा आकडा एका जागी थांबत नाही, तो दुरुस्त करून त्यावर सरकारी शिक्का घ्यायचा. बिलबुकं संपत आली, ती छापायला टाकायची. रबरी शिक्का झिजला. शटरची स्प्रिंग गेली. घरच्या बाईनं रुमालात गाठ मारून तुटलेली साखळी दिलेली असते, ती सांधून आणायची. मालाची यादी सोपी असते. ठोक व्यापारी ठरलेला, भाव ठरलेला, उधारीची मुदतही ठरलेली. खालची यादी अवघड. ही कामं करणाऱ्यांच्या दुकानाला बहुधा पाटीच नसते, आणि असली तरी तिच्यावर लिहिलेलं असतं एक नि आत चाललेलं असतं दुसरंच. त्या दुसऱ्या यादीतली माणसं कमानिया गेटच्या आसपास सापडतात. ती कशी सापडतात, त्याची ही हकिगत.

जबलपूर काही लहान गाव नव्हे. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीतच दहा लाखांवर माणसं होती. मध्य प्रदेशचं उच्च न्यायालय इथं, पश्चिम मध्य रेल्वेचं मुख्यालय इथं, १९०४ पासूनचा तोफगाड्यांचा कारखाना इथं. पण बडा फुहारा (मोठं कारंजं), कमानिया गेट, सराफा, कोतवाली, गंजीपुरा, लॉर्डगंज हा जो जुना बाजार आहे, त्याचं वागणं कसब्याच्या पेठेचं आहे. समोरचा माणूस कोणाचा कोण, हे इथं अजून विचारलं जातं. आणि आजूबाजूच्या पाच-सात जिल्ह्यांतल्या लहान बाजारगावांसाठी हीच मोठी पेठ आहे. तिथं जे होत नाही, ते करून घ्यायला माणूस इथं येतो.

कमानिया गेट जुन्या तटाचा दरवाजा असावा असं पाहणाऱ्याला वाटतं. तसं नाही. तो १९३९ सालचा आहे, त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभारलेला. त्या वर्षी २९ जानेवारीला काँग्रेसच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीत सुभाषचंद्र बोस यांनी पट्टाभी सीतारामय्यांना १,५८० विरुद्ध १,३७७ मतांनी हरवलं आणि मार्चमध्ये जबलपूरजवळ त्रिपुरीला, नर्मदेच्या बाजूला, काँग्रेसचं बावन्नावं अधिवेशन भरलं. सुभाषबाबू तापानं फणफणलेले होते. अध्यक्षाच्या मिरवणुकीत बावन्न हत्ती होते, पण अध्यक्षांच्या जागी त्यांची तसबीर होती. गांधीजी राजकोटला होते. पुढं महिना-दीड महिन्यात सुभाषबाबूंनी राजीनामा दिला. एवढ्या मोठ्या राजकीय घटनेचं स्मारक भर बाजारात, सराफ्याच्या तोंडाशी उभं राहिलं आणि बाजारानं त्याला लगेच कामाला लावलं. आज त्याचा सगळ्यात जास्त उपयोग पत्ता सांगायला होतो.

इथं पत्ता असा सांगतात: ‘बडे फुहारे से कमानिया की तरफ आओ, जलेबीवाले के आगे, किसी से भी पूछ लेना.’ जलेबीवाला म्हणजे बडकुल. १८८९ साली हरप्रसाद बडकुल यांनी खव्याची जलेबी काढली असं सांगतात, आणि जाड, काळपट-तपकिरी रंगाची ती जलेबी अजून या भागाची खूण आहे. या पत्त्यात घरनंबर नाही, गल्लीचं नाव नाही. शेवटचा टप्पा ‘विचारून घ्या’ हाच आहे, आणि कुणी तो आळसापायी सांगत नाही. शेवटच्या पन्नास पावलांत ज्याला विचारायचं, तो माणूस पत्त्याचाच भाग असतो.

माझं म्हणणं एवढंच आहे, की या बाजारात योग्य माणूस शोधून देणं हीच एक सेवा आहे. ती पानवाला देतो, पेढीवरचा मुनीम देतो, ट्रान्सपोर्टच्या कचेरीत बिल्टी फाडणारा कारकून देतो. तिचे पैसे कुणी घेत नाही, म्हणून ती कुठल्याच हिशेबात धरली जात नाही. आणि हिशेबात नसलेली गोष्ट नाहीशी व्हायला लागली, तर ते कुणाच्या लक्षातही येत नाही.

धंद्याप्रमाणे वस्ती, ही जुनी व्यवस्था इथं अजून बरीचशी शाबूत आहे. सोन्याचांदीसाठी सराफा. बायकांचे कपडे, बांगड्या, साजशृंगार यांसाठी गंजीपुरा. भाजीपाला नि किराण्यासाठी निवाडगंजची बाजू. जुनंपानं, सुटे भाग, कुठंच न मिळणारा एखादा बोल्ट हवा तर गुरंदी बाजार. संगणक नि मोबाइल मढातालच्या जयंती कॉम्प्लेक्समध्ये. गिऱ्हाइकाला वस्तीचं नाव ठाऊक असलं की निम्मं काम झालं. एका धंद्याची पन्नास दुकानं शेजारी शेजारी असली की भाव आपोआप ताळ्यावर राहतो, आणि एकाकडे नसलेली वस्तू तो शेजाऱ्याकडून मागवून देतो.

पण वस्तीनं दुकान कळतं, कारागीर कळत नाही. सराफ्याचंच बघा. बाहेरून बघणाऱ्याला सगळे सोनार वाटतात. आत एका दागिन्यामागं किती हात असतात! सोनं आटवून लगड करणारा एक, तार नि पत्रा ओढणारा दुसरा, साच्यावर ठोकणारा तिसरा, झाळणारा चौथा. खडे बसवणारा जडिया वेगळा, मीना भरणारा वेगळा, छिलाई करून चमक काढणारा वेगळा. मणी गुंफणारा पटवेकरी, तोही वेगळाच. यातले बरेच जण माडीवर, अरुंद जिन्याच्या टोकाला, एका खोलीत चौघं असे बसतात. त्यांना रस्त्यावरचं गिऱ्हाईक नकोच असतं. दुकानदार त्यांना काम पाठवतो, आणि आपला कारागीर कोण हे तो गिऱ्हाइकाला सहसा सांगत नाही. त्यातही गैर काही नाही, ती त्याची वर्षानुवर्षांची जोडणी असते. म्हणून तुटलेली साखळी घेऊन आलेल्या मंडल्याच्या दुकानदाराला ‘सोनार’ शोधून भागत नाही. त्याला झाळणारा हवा असतो, आणि तोही चांदीत नव्हे, सोन्यात हात बसलेला.

अशा वेळी तो आपल्या ठोक कापडवाल्याकडे जातो. कापडाचा नि सोन्याचा संबंध नाही, पण पंधरा वर्षांचा उधारीचा संबंध आहे. कापडवाला मुनिमाला हाक मारतो, मुनीम नोकर पोराला बरोबर देतो, पोरगं जिना दाखवून येतं. वर गेल्यावर ‘कुणी पाठवलं?’ हा पहिला प्रश्न. पेढीचं नाव सांगितलं की काम हातात घेतलं जातं, आणि मजुरीचा आकडा त्या नावाप्रमाणे ठरतो. खालून आलेल्या अनोळखी माणसाला तोच कारागीर हात हलवून परत पाठवील, कारण चोरीचा दागिना हातात आला तर पोलिसांच्या चौकशीला तोंड त्यालाच द्यावं लागतं. ओळख दोन्ही बाजूंचं रक्षण करते.

मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी मोरोक्कोतल्या सेफ्रू या बाजारगावाचा कित्येक वर्षं अभ्यास केला आणि १९७८ साली एक छोटा निबंध लिहिला. तिथल्या बाजारात सगळ्यात दुर्मीळ गोष्ट माल नाही, पैसा नाही, तर माहिती आहे, असं त्यांनी त्यात मांडलं. कोणाकडे काय आहे, कितपत चांगलं आहे, खरा भाव काय, हे कुणालाच पुरतं ठाऊक नसतं, म्हणून माणसं एकाच विक्रेत्याशी पुन्हा पुन्हा व्यवहार करतात. दर वेळी नव्यानं शोधण्याचा खर्च त्यामुळं वाचतो. कमानियाच्या बाजारात फिरताना तो निबंध मला फार जवळचा वाटतो. मात्र इथं ठरलेला दुकानदार नुसता आपला माल विकत नाही. ज्या धंद्याशी आपला काही संबंध नाही, त्या धंद्यातल्या माणसासाठीही तो शब्द टाकतो. आणि काम बिघडलं, तर गिऱ्हाईक येऊन उभं राहतं ते याच्याच गल्ल्यासमोर.

इथल्या मराठी माणसांना ही व्यवस्था निराळ्या वाटेनं कळते. जबलपूरशी मराठी संबंध जुना. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला घेतला, १७९८ मध्ये हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि १८१७ च्या अखेरीस इंग्रजांनी जबलपूर घेईपर्यंत त्यांच्याकडे राहिला. पुढं अलाहाबादहून १८६७ साली रेल्वे आली. १८७० च्या मार्चमध्ये मुंबईकडून येणारी जी.आय.पी. रेल्वे तिला इथंच येऊन मिळाली, आणि मुंबई-कलकत्ता सलग रस्ता झाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोंदियाहून नैनपूरमार्गे छोटी लाइन आली. १ नोव्हेंबर १९५६ ला नवं मध्य प्रदेश राज्य झालं, नागपूरचं उच्च न्यायालय इकडं आलं आणि वकील, कारकून, टंकलेखक अशी कितीतरी मराठी बिऱ्हाडं त्याच्यामागोमाग आली. दारूगोळा कारखान्यांतली नि रेल्वेतली होतीच. गोलबाजारच्या दत्तमंदिरात आजही मराठी कानावर पडतं.

या घरांतल्या लग्नाच्या खरेदीत एक अडचण हमखास येते. उत्तरेकडच्या पद्धतीचं मंगळसूत्र सराफ्यात वाटेल तितकं मिळतं. दोन वाट्यांचं, काळ्या मण्यांच्या दुपदरी सरीचं, मधे सोन्याचे मणी ओवलेलं मिळत नाही, ते घडवून घ्यावं लागतं. एका वाटीत कुंकू नि एकीत हळद भरून सासर-माहेर जपायचं, ही रीत कारागिराला समजावून सांगावी लागते. नाहीतर तो दोन्ही वाट्या भरीव, नक्षीदार लोलकासारख्या करून ठेवतो. हे काम पूर्वी कुणी नीट केलं, हे कुठल्या यादीत सापडणार? ते हळदीकुंकवाला आलेल्या एखाद्या आजींना ठाऊक असतं. त्या स्वतःच्या सुनेच्या वेळचा कारागीर सांगतात. तो हयात नसेल तर त्याचा पुतण्या कुठं बसतो, तेही सांगतात. नथीचं तसंच, ठुशीचं तसंच. शहराचा बाजार हिंदीत चालतो, पण त्याच्या आत मराठी बायकांनी स्वतःपुरता एक बाजार ओळखून ठेवला आहे.

सराफ्याविषयी लिहायचं आणि गलाईवाल्यांना वगळायचं, हे कुठल्याच मराठी माणसाला शोभणार नाही. देशभरातल्या सराफ बाजारांतून ‘मराठा’ म्हणून ज्यांना ओळखतात, ते हे लोक. सांगली जिल्ह्यातला विट्याचा खानापूर तालुका, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, शेजारचे साताऱ्याचे खटाव-माण, हा सगळा पाऊस हुलकावणी देणारा टापू. जमिनीवर भागेना, म्हणून माणसं बाहेर पडली आणि सोनंचांदी गाळण्याच्या धंद्यात शिरली. काश्मीर ते कन्याकुमारी, बंगाल-आसामपर्यंत पसरली. गावाकडून चौदा-पंधरा वर्षांचं पोर नात्यातल्या माणसाकडे जायचं, भट्टीपाशी काही वर्षं काढायचं, हात बसला की दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान टाकायचं. आता पोरं शिकून मग जातात, पण जाण्याची वाट तीच आहे.

काम काय? मोडीचा दागिना आला की त्यातलं शुद्ध सोनं वेगळं करून द्यायचं. त्यासाठी सोन्यात आधी त्याच्या साधारण तिप्पट चांदी मिसळून आटवतात. ऐकणाऱ्याला हे उलटं वाटतं, पण चांदी पुरेशी असल्याशिवाय तेजाब आतपर्यंत पोचत नाही. मग त्या मिश्रणाचे पातळ तुकडे नायट्रिक आम्लात उकळायचे. चांदी नि तांबं विरघळतं, सोनं तपकिरी चुऱ्यासारखं खाली राहतं. तो चुरा धुऊन, टाकणखार घालून मुशीत आटवला की पिवळी धमक लगड. विरघळलेली चांदीही सुटत नाही, द्रावणात तांब्याचे पत्रे सोडले की ती पत्र्यांवर जमते. कारागिराच्या खोलीतला केर, हात धुतलेलं पाणी, जुनी चटई, पॉलिशची राख, यांतूनही सोनं निघतं. सराफ्यात म्हणूनच केर फुकट जात नाही. झारेकरी तो विकत घेतात, पाट्यात धुतात आणि राहिलेला गाळ गलाईकडे येतो. धुराचा त्रास या माणसांनी फार सोसला आहे. बंद खोलीत आम्लाच्या पिवळ्या-तांबूस वाफा छातीत जातात. ज्या धंद्यानं दुष्काळी गावांत माड्या उभ्या केल्या, त्यानं किती जणांची फुप्फुसं खाल्ली, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

आता शोधण्याच्या दृष्टीनं बघा. परक्या प्रांतात, परक्या भाषेत, लाखोंचं सोनं एका कागदाच्या चिठ्ठीवर या माणसाच्या हातात दिलं जातं. सोनार त्याचा टंच, म्हणजे त्यानं सांगितलेला सोन्याचा कस, मानतो, कारण त्याच गल्लीत त्याच्या आधी त्याच गावच्या माणसांनी दोन पिढ्या शब्द पाळला आहे. एखाद्यानं दगा केला तर ती बातमी विट्यापर्यंत पोचते आणि दुसऱ्या राज्यातल्या दुकानालाही तिची झळ लागते. एवढी मोठी हमी कुठली विमा कंपनी देईल?

शुद्धतेच्या बाबतीत मात्र ओळखीची जागा आता हळूहळू शिक्का घेतो आहे, आणि ते चांगलंच आहे. सोन्याला हॉलमार्क देण्याची योजना २००० साली आली. १६ जून २०२१ पासून देशातल्या २५६ जिल्ह्यांत ती सक्तीची झाली. त्याच जुलैपासून प्रत्येक दागिन्याला सहा अक्षरांकांचा स्वतंत्र क्रमांक मिळू लागला आणि १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क लागणारा दागिना त्या क्रमांकाशिवाय विकता येत नाही. मंडल्याची शाळामास्तरीण आता मोबाइलवर तो क्रमांक घालून दागिना २२ कॅरटचा आहे की नाही हे स्वतः पाहू शकते. पूर्वी तिला दुकानदाराच्या तोंडाकडे बघावं लागे. ज्याला ओळख नव्हती, त्याला या बाजारानं अनेकदा फसवलं आहे, हे विसरून जुन्या काळाचे गोडवे गाऊ नयेत. पण शिक्का सांगतो तो सोन्याचा कस. झाळ पक्की आहे का, खडा सहा महिन्यांत पडेल का, कडी कपड्यात अडकेल का, हे शिक्का सांगत नाही. त्यासाठी पुन्हा मुनीमच.

मग फोनवर शोधण्याचं काय? व्ही. एस. एस. मणी यांनी १९८९ साली फोनवरून दुकानांची माहिती देण्याचा पहिला प्रयत्न केला, तो चालला नाही. घरोघरी फोनच नव्हते. १९९६ मध्ये त्यांनी मुंबईत ‘जस्टडायल’ काढलं आणि ते देशभर पसरलं. पुढं गूगलच्या नकाशावर दुकानदाराला आपली जागा स्वतः नोंदवता येऊ लागली. नकाशावर आज कमानियाच्या आसपास टिंबांची दाटी दिसते. पण जमिनीवर काय आहे आणि नकाशात काय आहे, यांत मोठी तफावत आहे. नकाशाला माडी कळत नाही. एका टिंबाखाली तळमजल्याचं दुकान, वरच्या दोन खोल्यांतले सहा कारागीर आणि पायरीवर बसणारा घड्याळजी असे आठ धंदे असतात, दिसतो एकच. वर्गवारी तर फारच ठोकळ. ‘ज्वेलरी रिपेअर’ या एका शब्दात सराफ्याचे सगळे हात कोंबलेले. वजनकाटा शोधला तर काटे विकणारे मिळतात. दुरुस्त करायला मात्र वैधमापन खात्याचा परवाना असलेलाच माणूस लागतो, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर बारा महिन्यांनी करून घ्यावी लागते, आणि परवाना कोणाकडे आहे हे नकाशा सांगत नाही. ठेलेवाल्याला विचारलं तर तो सांगतो.

फोनवर चांदण्या देऊन केलेली शिफारस आणि मुनिमाची शिफारस यांत मला एक मूलभूत फरक दिसतो. चांदणी देणारा निघून जातो. तुमचं काम बिघडलं तर त्याला त्याचं काही नाही. मुनीम उद्याही तिथंच बसलेला असतो. त्याचा शब्द खोटा ठरला तर पुढच्या उधारीच्या वसुलीत त्याला ते जाणवतं.

तरीही ओळखीच्या बाजाराचा मी आंधळा कैवारी नाही. ओळख जिथं दार उघडते, तिथंच ती दार बंदही करते. नव्यानं आलेल्या, दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या धर्माच्या कारागिरापर्यंत ही साखळी पोचतेच असं नाही. मुनीम आपल्या माणसाकडे पाठवतो, आणि ‘आपला’ कोण, हे हाताच्या कसबावर ठरत नाही. काही ठिकाणी शिफारशीमागं दलालीही असते, ती शेवटी गिऱ्हाइकाच्या मजुरीत येते. एकट्या बाईनं अनोळखी जिना चढून काम विचारायचं, हेही सोपं नाही. फोनमुळं अशा कितीतरी जणांना पहिलं गिऱ्हाईक मिळालं आहे. मोबाइल दुरुस्तीचं कसब शिकलेल्या पोराला मुनिमाची गरजच पडली नाही, त्याच्या धंद्याला जुनी साखळीच नव्हती. या गोष्टी खऱ्या आहेत आणि त्यांचं मोल कमी लेखू नये.

मला काळजी वाटते ती मधल्या माणसांची, ज्यांना ना मुनीम उरला ना नकाशा मिळाला. जबलपूर सलवार-सूटच्या तयार कपड्यांसाठी ओळखलं जातं. त्या एका सूटमागं घरात बसून टिकल्या टाचणाऱ्या, लेस लावणाऱ्या, काजं करणाऱ्या बायका असतात. त्यांचं नाव फक्त ठेकेदाराला ठाऊक. ठेकेदार बदलला, आजारी पडला, की त्यांचं काम थांबतं, कारण बाजारात त्यांना कुणी ओळखतच नाही. रफूगराचं तसंच. भारी शालीला पडलेलं भोक दोऱ्याला दोरा जुळवून नाहीसं करणारा माणूस कुठल्या तरी ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत असतो. शाल देणाऱ्याला वाटतं, काम दुकानानं केलं.

सरकारकडे याद्या आहेत, नाहीत असं नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ई-श्रम सुरू झालं. असंघटित कामगारांची कोट्यवधी नावं, प्रत्येकाच्या व्यवसायासह, तिथं नोंदली गेली आहेत. १७ सप्टेंबर २०२३ ला पीएम विश्वकर्मा योजना आली. सोनार, लोहार, शिंपी, कुंभार, कुलूप-चावीवाला अशा अठरा धंद्यांना हत्यारांसाठी पंधरा हजार रुपये, आधी एक लाखाचं नि मग दोन लाखांचं कर्ज पाच टक्क्यांनी. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा कायदा आहे, नगर पथविक्रेता समिती आहे. कोविडच्या वर्षी आलेल्या स्वनिधी योजनेत पहिलं दहा हजारांचं कर्ज होतं, आणि कमानियाच्या हातगाड्यांवर लटकणारे क्यूआर कोड बऱ्याच अंशी त्याच काळातले. पण या सगळ्या नोंदी लाभ देण्यासाठी आहेत. काम करून घेणाऱ्याला काम करणारा सापडावा, म्हणून त्या केलेल्या नाहीत. आणि अठरा धंद्यांच्या यादीत रफूगर नाही, घड्याळजी नाही, पटवेकरी नाही, काटा दुरुस्त करणारा नाही. बाजाराला रोज ज्यांची गरज लागते, तेच बाहेर राहिले.

दरम्यान मुनीम कमी होत चालले. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, हिशेब संगणकावर गेले, लाल बासनातल्या वह्या दिवाळीच्या पूजेपुरत्या उरल्या. पुष्य नक्षत्रावर वह्या घ्यायची चाल या बाजारात अजून आहे, पण वर्षभर कोऱ्या राहणाऱ्याही त्यांत असतात. हिशेब करणारा पोरगा कर सल्लागाराच्या कचेरीत बसतो, दिवसाला दहा दुकानांची विवरणपत्रं भरतो. तो हुशार आहे, चुका करत नाही. पण कोण झाळतो, कोण छिलतो, कुणाचा पुतण्या कुठं बसतो, हे त्याला ठाऊक असण्याचं कारणच उरलं नाही. गोंदियाची छोटी लाइन २०१५ मध्ये बंद होऊन तिची ब्रॉडगेज झाली. स्टेशनापासून बाजारापर्यंत पाहुण्याला आणून पोचवणारे जुने हमाल आणि ठेलेवालेही त्याच सुमारास पांगत गेले.

एक काम या बाजाराच्या व्यापारी मंडळींनी हातात घ्यावं असं मला मनापासून वाटतं. दुकानांची यादी नको, कामांची यादी करावी. सोन्यात झाळणं, चांदीत झाळणं, मणी गुंफणं, रफू, काज-बटण, काटा दुरुस्ती, शटर, शिक्के, अशी एकेका कामाची ओळ. त्या ओळीत कारागिराचं नाव त्याच्या संमतीनं, कितवा जिना नि कितवा मजला, आणि शेजारी त्याच्यासाठी शब्द टाकणाऱ्या पेढीचं नाव. ज्याच्यासाठी शब्द टाकणारा कुणी नाही, त्याला या मंडळींनी एक महिना छोटी कामं देऊन पाहावं आणि मग स्वतः त्याच्या बाजूनं उभं राहावं. घरात काम करणाऱ्या बायकांसाठी ठेकेदाराऐवजी वस्तीतली एखादी जागा द्यावी, काम तिथं यावं आणि तिथूनच जावं. पहिली यादी साध्या कागदावर छापून फुहाऱ्याच्या पानवाल्यांकडे आणि ट्रान्सपोर्टच्या कचेऱ्यांत ठेवावी, मग तीच फोनवर चढवावी. हे सगळं देवउठनी एकादशीच्या आधी व्हायला हवं. त्या दिवसापासून लग्नसराई सुरू होते, आणि मग कारागिराला मान वर करायला सवड नसते.